रोवण्याच्या गाण्यातला थांबा

आमगावच्या बसथांब्यावर बसची वाट बघता बघता दिव्याला डुलकी लागली होती. धान रोवतानाचं गाणं कानावर आलं, तेव्हा तिला वाटलं स्वप्नच. पण शेजारी एक म्हातारं जोडपं मोबाइलवर परदेशातल्या गायकवृंदाचा व्हिडिओ बघत होतं.

"हे पाय, आपली पोरगी साक्षीच सगळ्यांपुढं हात हालवून राहिली," म्हातारा म्हणाला. "तिनंच गाणं बसवलं."

"गोरे लोक चांगले म्हणून राहिले जी. पण मधातच सारे चूप काऊन होतेत?"

"इचारलं मी तिले. म्हणे, रोवता रोवता माय कंबर सरळ करे, तवा गाणं थांबे. तेवढं थांबाच लागते."

"तवा तं मी तिले धुऱ्याच्या बांधावर निजवून ठेवो!"

"मंग निजत नसन ते पोरगी."

दिव्याची बस आली. ती उठली नाही.

मोबाइल पुन्हा चूप झाला. म्हातारीनं बसल्या बसल्या कंबर सरळ केली.