सतरा नंबरचं मशीन

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला सभेत बोलायची सवय नाही. त्यात समोर हार घातलेला दत्ताभाऊंचा फोटो. पण आज गप्प बसले, तर मी त्यांची शिष्या कसली?

भाऊ चाकणच्या कंपनीत लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर होते. मशीन नंबर सतरा. मी शेजारच्या मशीनवर. लेथ चालवायचा एक फुकटचा कॉम्प्युटर प्रोग्राम आहे, सगळ्यांना खुला. कुणीही वाचावा, दुरुस्ती पाठवावी. दहा दुरुस्त्या मंजूर झाल्या की कुणाला न विचारता थेट बदल करायचा हक्क मिळतो. मंजूर कोण करणार? तो प्रोग्राम सांभाळणारे विनायकराव सर. पहिल्या रांगेत बसलेत. बसा सर, उठू नका.

लाईट जाऊन आली की कातायचं टूल लोखंडावर आदळायचं. भाऊंनी त्यावर दुरुस्ती पाठवली. सरांचं उत्तर, "असं चालत नाही." आठवड्याने तीच दुरुस्ती आली, सरांच्या नावाने! असं किती वेळा झालं. भाऊ नऊवर होते, नऊवरच राहिले.

मी भांडायला निघाले, तर म्हणाले, "जाऊ दे गं सविता. मशीन नीट चालतंय न्हवं? नावाचं काय घेऊन बसलीस!" खोटं बोलायचे. चहाच्या सुट्टीत रोज मोबाईल उघडून बघायचे, दहावी मंजूर झाली का. दवाखान्यातही बघत होते.

पण सर, एक घोळ झाला. भाऊ सवयीने प्रत्येक दुरुस्तीत आपल्या मशीनचा नंबर टाकायचे. तुमच्या ऑफिसात लेथच नाही. मग तुमच्या दुरुस्तीत सतरा नंबर आला कुठून? चोरताना निदान वाचायचं तरी!

मी राग गिळला. प्रोग्रामच्या माहितीपुस्तिकेतल्या चुका काढल्या, नव्या लोकांच्या शंका सोडवल्या, तुमच्या टोमण्यांना "धन्यवाद सर" म्हटलं. माझ्या दहा झाल्या. गेल्या महिन्यात तुम्हीच मला हक्क दिलात. शिकलीस कुणाकडून, हे विचारलंच नाहीत.

काल बाकीच्या दोन हक्कदारांना मी तो सतरा नंबर दाखवला. तिघांचं एकमत झालं की कुणाचाही हक्क काढता येतो, आणि आमचं झालं. आज सकाळी त्या प्रत्येक दुरुस्तीवर भाऊंचं नाव लागलं आणि तुमचा हक्क गेला. आता तुम्ही नवखे. पुस्तिकेपासून सुरुवात करा. तुमची प्रत्येक दुरुस्ती मीच तपासणार. आणि मंजूर झाली, तर तुमच्याच नावाने. भाऊंनी तेवढं शिकवलंय मला.

भाऊ, दहावी मंजूर झाली हो.

आता सगळ्यांनी त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहूया. कुणी काही बोलू नका.

सर, आता उठा.