बाराव्या आठवड्यातला भूगोल

सात तारीख, सोमवार. सकाळपासून ढगाळ, वारा पडलेला, आणि... नाही, पण मीच का? तुम्ही मला सांगा, स्टाफरूममध्ये बारा माणसं, बारा खुर्च्या, त्यांतल्या दोन डुगडुगणाऱ्या, आणि या सगळ्यांतून मोठ्या बाईंचं बोट नेमकं माझ्यावरच का यावं? कारण सांगतो. बाकी अकराजणांनी मान हलवून चक्क ‘नाही’ म्हटलं आणि माझी मान खाली! खाली का, तर मी वहीत तारीख आणि हवा लिहीत होतो. बावीस वर्षं रोज लिहितो हो, एका दिवसाचा खाडा नाही! पण खाली मान म्हणजे होकार असा त्यांनी अर्थ लावला. “छान! मग भूगोलाचे सर सगळ्यांना तयार करतील.” झालं! घोडं गंगेत न्हालं, आणि पाणी माझ्या नाकातोंडात!

आता मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, या वर्षीच नव्या आल्या. आवाज इतका मऊ, इतका मऊ की तो हुकूम होता हे आपल्याला घरी जाऊन चपला काढताना कळतं. तर यांची योजना काय? वर्गाची दारं उघडायची! म्हणजे आठवड्याला एका शिक्षकाचा एक तास ठरवायचा, आणि ज्यांचा तो तास मोकळा असेल त्यांनी त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं. विद्यार्थ्यासारखं! वही-पेन घेऊन! “चुका काढायच्या नाहीत हं, फक्त काय दिसलं ते एकमेकांना सांगायचं. शिकवणं सुधारतं त्याने.” शनिवारी दुपारी बारापर्यंत बारा सह्या हव्यात. आणि नाही मिळाल्या तर? “तर मग संस्था बाहेरून तपासनीस पाठवेल. ते बसतील. त्यांना जे दिसेल ते मात्र सेवापुस्तकात जाईल.” हेसुद्धा मऊ आवाजातच!

सेवापुस्तकात! आता तुम्हाला सांगतो, माझा बदलाला विरोध नाही! अजिबात नाही! पण बदल कसा, जरा विचारून-सवरून यावा की नाही?

गेलो. आधी गणिताच्या सरांकडे गेलो. मुलं त्यांना ‘काटकोन’ म्हणतात, कारण ते उभेच तसे राहतात, आणि बसले तरी तसेच बसतात. म्हटलं, “सर, जरा बदल...” तर म्हणाले, “दोन अधिक दोन. सांगा, यात काय बदल करू? पाच करू?” 

भाषेच्या बाईंकडे गेलो. “माझ्या वर्गात? येऊन बसणार? अहो, माझी सख्खी नणंदसुद्धा यायच्या आधी फोन करते!” 

मग पी.टी.च्या सरांना गाठलं. ते मैदानावर उन्हात शिट्टी चावत उभे. म्हणाले, “सर, माझ्या वर्गाला दारच नाही. काय उघडू?”

पण मीही चिकट माणूस! मला घाई नसते. बाहेर हवा कशी आहे हे मी बावीस वर्षं लिहितोय, तर आतली थोडीफार लिहून ठेवलीच असेल ना! मंगळवारी, आठ तारखेला, मधल्या सुट्टीत जुनी वही घेऊन काटकोनांसमोर बसलो आणि वाचून दाखवलं. “एकोणीस तारीख, ऊन कडक. गणिताचे सर चहा पिताना म्हणाले, मी इतकी वर्षं फळ्याकडे तोंड करून बोलतोय, फळाही आता कंटाळला असेल.” सरांचा कप तसाच हातात राहिला.

“हे मी म्हणालो होतो?”

“तीन वर्षांपूर्वी.”

“आणि तुम्ही लिहून ठेवलंत?”

“हवेसकट.”

कप खाली ठेवला. मग म्हणाले, “खरंय हो. मागे वळून बघायची भीतीच वाटते. मुलांच्या चेहऱ्यावर काय असेल कोण जाणे.” आता सांगा, काटकोन हे बोलतोय! मलाच कसंतरी झालं.

भाषेच्या बाईंना दुसरं पान काढून दिलं. “पाच तारीख, धुकं. बाई वर्गातून आल्या त्या डोळे पुसत. म्हणाल्या, आज कवितेचा असा तास झाला की कुणीतरी बघायला हवा होता.” बाईंनी ते पान दोनदा वाचलं. “कुणीच नव्हतं हो बघायला,” म्हणाल्या, आणि लगेच, “पण बसायचं तर वेळेवर यायचं! मधेच दार वाजवलेलं मला चालणार नाही.” म्हणजे तयार! 

पी.टी.च्या सरांना वही लागलीच नाही. “म्हणजे मला बसायला मिळणार? खुर्चीवर? नाही, बाकावर का होईना, पण पंख्याखाली? अहो मग आधी नाही का सांगायचं!”

असे करत करत बुधवारी दुपारपर्यंत अकराच्या अकरा तयार! मी किती खूश, तुम्हाला सांगतो! पट्टी घेतली, दोन रंगांची पेनं घेतली आणि झकास तक्ता केला. पहिला आठवडा गणित, दुसरा भाषा, तिसरा अमुक, चौथा तमुक, रेघा कशा, एक वाकडी नाही! स्टाफरूममध्ये लावला, खाली सह्यांचा कागद ठेवला, सगळे जमले, पेनांची टोपणं निघाली... आणि काटकोनांचं बोट तक्त्यावरून खाली सरकायला लागलं. सरकतंय, सरकतंय, एकदम खाली जाऊन थांबलं.

“बारावा आठवडा, भूगोल.”

“हो,” मी म्हटलं.

“बाराव्या आठवड्यात परीक्षा असते. त्या आठवड्यात तासच नसतात.”

मी म्हटलं, “अरेच्चा! योगायोग!” तर काटकोन म्हणाले, “बारा आठवड्यांपैकी नेमका तोच वाट्याला येण्याची शक्यता किती, हे मी फळ्यावर सोडवून दाखवू?” आणि टक, टक, टक... पेनांची टोपणं परत बसली. भाषेच्या बाई म्हणाल्या, “वा! आमच्या घरात पाहुणे, आणि तुमच्या घराला कुलूप?” पी.टी.चे सर म्हणाले, “आधी तुमचं दार सर, मग आमची सही. उद्या तिसरा तास मोकळाय आमचा तिघांचा.” बाकीचे म्हणे, हे तिघे सांगतील तसं.

आता मी काय म्हणणार? माझा बदलाला विरोध नाही, हे मीच दोन दिवस दारोदार सांगत फिरलेलो!

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग घाबरताय कशाला? ‘आजचा तास उत्तम झाला’ असं तुमच्याच वहीत असतं की. रोज असतं.” 

रोज असतं! तिथेच तर गोम आहे ना! तुमच्यापासून काय लपवायचं... माझ्याकडे टिपांची एक वेगळी वही आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मी रात्रंदिवस खपून, स्वतःच्या हाताने केलेली. मी कुठे मोठा शिकलेला नाही हो, पुस्तकं मागून आणून आणून शिकलो, त्यामुळे त्या वहीवर माझा फार जीव. वर्गात गेलं की वही उघडायची, ‘उतरवून घ्या’ म्हणायचं आणि सांगत सुटायचं, घंटा होईपर्यंत. कुठे थांबायचं तेसुद्धा समासात लिहिलंय. कुठे रेघ ओढायला सांगायची. एके ठिकाणी तर लिहिलंय, ‘इथे विनोद.’

दहा तारीख, गुरुवार. लख्ख ऊन. तिसरा तास, नववी ब. मागच्या बाकावर तिघे. काटकोन काटकोनात. पी.टी.चे सर पंख्याखालची जागा धरून. भाषेच्या बाई खिडकीजवळच्या मुलीशेजारी. मी वही उघडली. “उतरवून घ्या. जलसाठे. खाली दुहेरी रेघ.” सुरू! पाचच मिनिटांत बघतो तर पी.टी.चे सर मनगट झटकतायत. “सर, जरा हळू हो, हात गेला!” मुलं खुसखुसली. दहाव्या मिनिटाला त्यांची मान छातीवर. काटकोन लिहितायत बिचारे, जीभ बाहेर काढून. आणि भाषेच्या बाई... भाषेच्या बाई हसायला लागल्या! तोंडाला पदर लावून! मी म्हटलं हसतायत का? मी तर अजून विनोदाच्या एक ओळ अलीकडे होतो! मी आपला पुढे सांगतोय, “पाणी नेहमी उताराकडे वाहते,” आणि विनोदासाठी श्वास घेतला, तर अख्खा वर्ग एका सुरात, “पाण्याचं आणि तुमच्या गुणांचं इथे एकमत आहे!” 

मी गार! म्हटलं, “हे... हे कसं काय?”

बाईंच्या शेजारची मुलगी उभी राहिली. हातात एक जुनी वही, पानं पिवळी. “सर, ही माझ्या मावशीची. ती तुमच्याच वर्गात होती. आमच्या वर्गात अशा सात वह्या आहेत सर. कुणाची ताईची, कुणाची काकाची. आम्ही लिहीत नाही, तुमच्याबरोबर तपासतो.”

“तपासता? काय तपासता?”

“तुम्ही काही गाळलं का ते. मागच्या महिन्यात एक ओळ गाळलीत सर, पण आम्ही म्हटलं, जाऊ दे, दमले असतील.”

दमले असतील! तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षांत माझ्यावर कुणी इतकी दया केली नव्हती! मुलीने वही मला दाखवली. मावशीने समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘इथे हसायचं.’

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं हो! पण काटकोन उभे राहिले. विद्यार्थ्यासारखा हात वर! “सर, शंका. शेवटची ओळ तुम्ही सांगितलीत, शाळेच्या मागील बाजूस असलेले विस्तीर्ण तळे हा गावाचा मुख्य जलसाठा होय. मी खिडकीतून बघतोय. तळं कुठाय?”

खिडकीबाहेर काय? बस डेपो! चौदा बस उभ्या! तळं बुजवून अकरा वर्षं झाली! आणि खरी लाज कसली, माहितीये? ते मला माहीत होतं! माझ्या रोजच्या वहीत आहे ते, ‘आजपासून तळं बुजवायला सुरुवात. धूळ फार. खिडक्या लावून शिकवलं.’ बघा! एका वहीत तळं बुजलं आणि दुसऱ्या वहीत ते अकरा वर्षं भरलेलंच! आणि मुलं पेपरात लिहितायत, शाळेमागे तळं आहे, आणि मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देतोय, आणि बाहेर बसचा हॉर्न वाजतोय!

माझा बदलाला विरोध नाही म्हणे! अहो, बदल माझ्या खिडकीखाली अकरा वर्षं धूर सोडत उभा होता!

वही मिटली. मिटली खरी, पण वहीशिवाय हातांचं करायचं काय हेच कळेना. खिशात घातले, बाहेर काढले, फळ्याला लावले. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, “सर, पण पाऊस पडला की डेपोत गुडघाभर पाणी साचतं. सगळीकडचं ओसरतं, तिथलंच राहतं. का हो सर?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मला नक्की नाही सांगता येणार. बघू या का?”

बस्स! या तीन शब्दांनी काय गोंधळ घातला, विचारू नका! काटकोन ओरडले, “उतार मोजू!” पी.टी.चे सर खडबडून जागे झाले ते थेट रस्सीखेचीचा दोर आणायलाच धावले. अर्धी भरलेली पाण्याची बाटली दोराला आडवी बांधली, पातळी बघितली, अख्खी नववी ब फाटकापासून डेपोच्या कुंपणापर्यंत रांगत, वाकत, भांडत गेली. “अरे ताणून धर की!” “तूच हलवतोयस!” काटकोन मुलांकडे तोंड करून आकडेमोड करत होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. फाटकापेक्षा कुंपणाजवळची जमीन सव्वा मीटर खाली निघाली. पाणी आपलं अजून जुन्याच घरी येतंय! ती मावशीवाली मुलगी म्हणाली, “सर, तळं बुजवलं, पण पाण्याला कुणी कळवलंच नाही.” भाषेच्या बाई म्हणाल्या, “थांब, थांब, हे मला लिहून घेऊ दे!” घंटा झाली. कुणी हललं नाही. दुसरी झाली तेव्हा मोठ्या बाई बाहेर आल्या, आणि बघत उभ्या राहिल्या.

त्या दिवशी वहीत ‘आजचा तास’ इथपर्यंत लिहिलं आणि पेन अडलं. शेवटी लिहिलं, ‘आजचा तास झाला.’

शुक्रवारी स्टाफरूममध्ये तिघे बाकीच्या आठजणांना रंगवून रंगवून सांगत होते, माझ्या नकला करून, ‘खाली दुहेरी रेघ’ वगैरे, आणि मी तिथेच बसून ऐकत होतो. करता काय! हसलोही दोनदा. वाईट वाटत होतं की बरं, ते अजून ठरलेलं नाही. पण माझा बदलाला... जाऊ दे. तुम्हाला पाठ झालं असेल एव्हाना.

बारा तारीख, शनिवार. सकाळी थोडा वारा, दुपारी ऊन. बाराला पाच मिनिटं कमी असताना कागद मोठ्या बाईंकडे दिला. सह्या बारा. सह्यांखाली अकराजणांच्या वतीने गणिताच्या सरांच्या अक्षरात एक अट: तक्ता उलटा करावा, आणि पहिले चार सोमवार भूगोल, टिपांच्या वहीशिवाय. मोठ्या बाईंनी चाराचे सहा करून मंजूर केलं.