कपाळ बघून घेतलेली पिल्लं

मंडळी, टेका. ज्यांना खांब मिळालाय त्यांनी खांबाला टेका, ज्यांना नाही मिळाला त्यांनी शेजाऱ्याला. मला मात्र उभं राहायचंय. पस्तीस वर्षं उभाच आहे! गुडघे म्हणतात, "बुवा, पुरे करा." तोंड म्हणतं, "एवढं एकच आख्यान." आणि मंडळी, आजवर गुडघ्यांचं कुणी ऐकलंय?

तर आज प्रश्न एवढाच: माणूस देवाचा आहे, हे ओळखायचं कशावरून?

हं! लगेच कपाळाला हात गेला! चौथ्या ओळीतल्या काकांचा. राहू द्या काका, गंध जागेवर आहे. मी बघितलंय.

ऐका.

एक होती गयाबाई. घर माळकऱ्याचं, नवरा देवळातला विणेकरी. तीस वर्षं गळ्यात माळ. घरात कांदासुद्धा चोरासारखा यायचा, मागल्या दारानं! भिंतीपलीकडे धाकटी जाऊ ठकू. ठकूच्या चुलीवर रविवारी रस्सा शिजायचा. म्हणून गयाबाई अकरा वर्षं ठकूच्या घरचं पाणी प्याली नव्हती. भांडण नव्हतं हो! भांडण असतं तर एखाद्या दिवशी मिटलं असतं.

गयाबाईची सून सारिका. तिला तिसरा महिना लागला. अंग कसं? पिठाच्या चाळणीसारखं हलकं! नर्सबाई आल्या, डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "आजी, रक्त फार कमी आहे. गोळ्या देतेच, पण हिला रोज एक अंडं द्या. नाहीतर बाळंतपण जड जाईल. मी भीती घालत नाही, खरं सांगते."

गयाबाई दोन दिवस जेवली नाही. माळ एकीकडे, सून एकीकडे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पोरी, मी खाणार नाही, शिवणार नाही. पण तुला मिळेल. परसात वेगळी चूल मांडते."

वा! वाटलं ना, आख्यान संपलं? संपलं असतं, आणि मी बसलो असतो! कारण दुकान समोरच होतं, अंडी दारातच टांगलेली. पण दुकानातून विणेकऱ्याच्या घरी अंडी जाणार, म्हणजे गाव बघणार! गयाबाईनं ठरवलं: कोंबड्याच पाळायच्या. परसात, गुपचूप. आणि मोठी कोंबडी आणली तर ती रस्ताभर ओरडणार. म्हणून पिल्लं! टोपलीत ठेवायची, वर फडकं, त्यावर कोथिंबिरीची जुडी. कुणाला काय कळतंय?

अहो, पण पिल्लू अंडं घालतं कधी? पाच-सहा महिन्यांनी! सुनेला हवं आज. हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगणार कसं? विचारलं तर गाव बघणार!

गेली बाजारात. पिल्लंवाला बसलेला, पुढ्यात डालं, डाल्यात काळी पिल्लं, कापसाच्या बोळ्यावर काजळ सांडावं तशी. गयाबाईनं जन्मात कोंबडी घेतलेली नव्हती. पिल्लू निवडायचं कसं, ठाऊक नाही. वाकून बघते तर काय — काही पिल्लांच्या डोक्यावर ठळक पांढरा ठिपका! गोपीचंदन लावल्यासारखा! म्हातारीच्या डोळ्यांत पाणी. "पांडुरंगा, टिळा लावून जन्माला आली रे!"

"मला ही दे. टिळ्याची. आठ."

पिल्लंवाला भला माणूस. म्हणाला, "आज्जी, अंड्यासाठी पाहिजेत ना? मग ती ठिपकेवाली—"

"तू गप. तीस वर्षं कपाळं ओळखते मी!"

"अवो पण—"

"टोपलीत घाल!"

घातली बिचाऱ्यानं. उरली बिनठिपक्याची, नुसती काळी. मागून ठकू आली. डोक्यावर पदर नाही, हातात उघडी पिशवी. "दादा, काय राहिलंय ते दे." आठ काळी घेऊन मोकळी झाली.

मंडळी, हसू नका अजून. हसायला पुढं जागा आहे.

गयाबाईनं पिल्लांचं काय केलं म्हणता! डाल्यावर दिवा टांगला, उबेसाठी. दर तासाला उठून हात घालून बघायची, ऊब जास्त नाही ना, कमी नाही ना. प्रत्येकाची चोच स्वतः पाण्यात बुडवून प्यायला शिकवलं. निवडून, पाखडून कण्या घातल्या. स्वतःच्या लेकराला एवढं जपलं नव्हतं. सून रोज विचारायची, "आत्या, कधी?" ही म्हणायची, "टिळ्याची आहेत पोरी, लवकरच!"

तीन महिन्यांत तुरे आले. लालभडक. चौथ्या महिन्यात एका पहाटे—

कुकूऽऽच कू!

एक नाही. आठ! आठच्या आठ कोंबडे, मंडळी! त्या जातीत डोक्यावर ठळक ठिपका असतो तो नराला. हेच सांगत होता तो बिचारा! आणि ओरडले कसे? देवळातला काकडा थांबला. तालुक्याची एसटी दहा मिनिटं आधी सुटली. शेजारच्या गावात एका म्हाताऱ्याचा मृत्युपत्रावरचा अंगठा पुसला गेला — बरं, हे थोडं वाढवून सांगतोय. पण गावाला कळलं, हे खरं. लपवलं होतं ना सगळं? आता रोज पहाटे आठ तोंडांनी दवंडी!

टाळकरी गयाबाईच्या नवऱ्याला विचारायला लागले, "विणेकरी, तुमच्याकडं नवीन भजनी मंडळ आलंय म्हणे?"

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. सारिकेला आठवा महिना लागला. नर्सबाई आल्या, पापणी ओढली, आणि विचारलं, "आजी, रोजचं अंडं कुठं गेलं?" 

परसात आठ टिळेवाले माना ताठ करून उभे. आणि भिंतीपलीकडून आवाज येतो, "कॉक, कॉक, कॉक!" कोंबडी अंड्यावरून उठली की देते तो. ठकूच्या काळ्या, बिनटिळ्याच्या कोंबड्या अंड्यावर आल्या होत्या.

गयाबाईनं आपल्या आठांतला मोठा कोंबडा काखोटीला मारला आणि ठकूच्या दारात गेली. मागल्या.

"ठके, हा ठेव तुझ्याकडं. कापायचा नाही. आणि मला दे..."

"काय देऊ, आक्का?"

"ते. पांढरं."

"नाव घ्या की. चावत न्हाई ते!"

गयाबाईनं पदर पुढं ओढायला हात काढला.  कोंबडा सुटला आणि ठकूच्या चुलीवर जाऊन बसला. ठकू हसली नाही. तिनं तांब्या भरला, पुढं धरला.

"आक्का, कोंबडा न्या तुमचा. मला नको. बसा, घोटभर पाणी घ्या. दमलाय."

अकरा वर्षं, मंडळी! गयाबाईनं तांब्याकडं बघितलं. गळ्यातल्या माळेला हात लावला. आणि प्याली. तांब्या रिकामा होईपर्यंत प्याली.

ठकूनं तिच्या पदरात चार अंडी घातली. "रोज न्या. पण मागल्या दारानं नको. माझ्या कोंबड्यांनी चोरी न्हाई केली."

गयाबाई पुढच्या दारानं निघाली. पदर उघडा, पदरात चार अंडी, काखेत कोंबडा. दोन्ही घरांची परसं पाठीला पाठ, पुढची दारं दोन गल्ल्यांना; म्हणून वाट देवळावरून. पारावर सगळे टिळेवाले बसलेले. तिनं पाय थांबवले. सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. वाटलं असेल, कुणीतरी म्हणेल, "बरं केलंस, बाई."

त्या पारावर तेव्हा एक बुवा बसला होता. सप्ताहाला आलेला. चांगला ठळक टिळा! त्यानं काय केलं? टाळ पुसत बसला. मान वर केली नाही.

तो बुवा कोण, विचारू नका. गुडघे दुखतात त्याचे.

सारिकेला मुलगी झाली. दोघी सुखरूप. गयाबाईनं माळ काढली नाही, आणि ठकूच्या घरचं पाणीही पुन्हा सोडलं नाही. ते आठ कोंबडे म्हातारे होऊन मेले. दुसरं काय करणार? कापायचे नाहीत, अंडं घालत नाहीत. नुसते खायचे आणि पहाटे आरवायचे.

तर मंडळी, माझ्या कपाळाकडं बघा. नीट बघा. आहे की नाही ठळक? पस्तीस वर्षं आरवतोय मी. गावोगाव. लोक उठतात, बसतात, डोलतात. पण त्या दिवशी त्या बाईला दोन शब्द द्यायचे होते, तेवढं एक अंडं काही मला घालता आलं नाही. म्हणून हे आख्यान सांगत फिरतो. सांगून कमी होत नाही.

आता तुम्ही. काका, गंध पुसू नका! पुसून काय होतंय? उद्या पहाटे काकड्याला या सगळे, आरवू मिळून. फक्त येताना घरून समोरच्या दारानं निघा, आणि शेजारच्या दारापाशी क्षणभर थांबून विचारा — बाई, काय कमी आहे?

घ्या देवाचं नाव. हळू घ्या. त्याला ऐकू येतं.