एकशे पंच्याण्णव, पन्नास, पंधरा

मुलगी : हळू बोला ना, बाबा येतीलच आत. एवढंच म्हणायचं, ही साइज आता मिळत नाही. बस.

टायरवाला : ताई, मला खोटं जमत नाही हो. घरी बायकोसुद्धा तोंड उघडायच्या आत पकडते.

मुलगी : मग मी काय करू, तुम्हीच सांगा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय. ऐकतात का कुणाचं? आत्ता येताना मी शेजारी बसून ओरडत होते, सायकल आली, सिग्नल लाल आहे! जीव मुठीत धरून आलेय. असली जुनी स्पोर्ट्स कार, नवे टायर मिळाले नाहीत तरच ती थांबेल.

टायरवाला : आणि तुमच्या बाबांना हे मी सांगायचं? इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक आमचं.

मुलगी : पाया पडते तुमच्या.

बाबा : कुणाच्या पाया पडतेस गं? टायर फुकट मागतेस की काय?

टायरवाला : या काका, या. जपून, पायरी आहे.

बाबा : माहितीये. तुझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे ती. बरं, ऐक. नक्षी अजून कोरी आहे, पण रबराचा पार दगड झालाय. कडेला भेगा पडल्यात. चारही बदलायचे.

टायरवाला : वय झालं की होतंच तसं.

बाबा : वय झालं तर बदलता तरी येतात. नशीबवान आहेत लेकाचे! मला मऊ रबर दे. वळणावर रस्ता धरून राहणारं. लवकर झिजलं तरी चालेल.

टायरवाला : काका, ते... ही साइज आता येत नाही.

बाबा : येत नाही म्हणजे?

टायरवाला : बंद झाली. आता सगळ्यांना मोठ्या गाड्या लागतात ना.

बाबा : मग जरा रुंद दे.

टायरवाला : रुंद टायर वळताना आत घासेल.

बाबा : मग मागवून घे कुठून तरी. मला घाई नाही.

टायरवाला : कुठेच नाहीये, काका.

बाबा : तुझा आवाज का असा? घाम फुटल्यासारखा बोलतोयस.

टायरवाला : पंखा बंद आहे ना.

बाबा : पंखा ऐकू येतोय मला. आणि हा कडेच्या रॅकवर कुठला आहे?

टायरवाला : तो... दुसऱ्या गाडीचा.

बाबा : साइज काय लिहिलीय त्यावर?

मुलगी : बाबा, ते नाही म्हणतायत ना! चला आता.

बाबा : माझा चष्मा गाडीत राहिलाय. आण बरं जरा.

मुलगी : बाबा... चष्मा डोळ्यांवरच आहे.

बाबा : हो का. बरं. तो टायर खाली काढ रे. काढ म्हणतो ना! आकडे रबरावर उठवलेले असतात, बोटाला लागतात.

टायरवाला : राहू द्या काका, हात काळे होतील.

बाबा : होऊ देत. एक... नऊ... पाच. पुढे पन्नास. आणि हे पंधरा. अरे, माझीच साइज की ही.

टायरवाला : चुकलं काका.

मुलगी : त्यांना नका बोलू. मीच त्यांना असं सांगायला लावलं. बाबा, मला भीती वाटते हो. तुम्ही गाडी काढलीत की परत येईपर्यंत मी खिडकीतून हलत नाही. दुसरं काही सुचेना मला.

बाबा : मला सांगायचंस.

मुलगी : किती वेळा सांगितलं!

बाबा : सांगितलंस. खरंय. अगं, समोर बघायला गेलं की मधलंच पुसल्यासारखं होतं. कडेचं दिसतं. आत्ताही तुझा चेहरा नाही दिसत, कानातलं तेवढं चमकतंय. गाडी सारखी रस्ता सोडायला लागली, तेव्हा मी म्हटलं, टायरच गेले असणार. नवे घातले की येईल ताळ्यावर.

मुलगी : बाबा, असं नका ना बोलू.

बाबा : चावी धर. तू चालव घरी जाताना.

मुलगी : मला कुठे चालवता येते ही? तुम्ही कधी हात लावू दिलात?

बाबा : नाही दिला. ओरखडे पाडशील म्हणून नाही दिला.

टायरवाला : गाडी राहू दे इथेच. मी टॅक्सी बोलावतो. टायरचं काय करू, काका?

बाबा : बसव. मऊच बसव.

टायरवाला : बसवतो. मग न्यायला कोण येईल?

(बाबा गाडीची चावी त्याच्या हातात ठेवतात.)

बाबा : हवा तेवढी बघत जा अधूनमधून. उभ्या गाडीची आपोआप उतरते.