तळ्यातला गाळ आणि गिरजा भोईण

मंडळी, ऐका! आधी सवाल. ज्याचं घेतलं त्याला परत द्यायचं, की नाही? द्यायचं म्हणता? माना तर छान डोलवताय!

बरं, तुमची हाडं कशाची? मृदंगबुवा, हसू नका, तुमची दिसताहेत म्हणून विचारतोय! खताच्या पोत्यावर वाचता ना — नत्र, स्फुरद, पालाश? त्यातलं स्फुरद, इंग्रजीत फॉस्फरस! ते होतं खडकात. पावसानं खडक झिजला, मातीत आलं. मुळांनी ओढलं, दाण्यात आलं. दाणा तुम्ही खाल्ला — हाडात आलं, दातात आलं. ज्या दातांनी शेजाऱ्याची निंदा चघळता, त्याच दातांत! शेणातनं, राखेतनं पुन्हा मातीत. आणि माती धुपली की तळ्यात, गाळात. तिथून पुढं? पाणी वाफ होऊन वर जातं, ढगातनं परत येतं. हे नाही येत! हे माणसानं पाटीत भरून डोक्यावर न्यायचं.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, निम्मे उठून जाल. उन्हाळ्यात तळं आटलं की घराघरातली माणसं गाळ काढायची, पहिल्या पाटीला हळदकुंकू लावून शेतात टाकायची. तळ्यावर पोट होतं गिरजा भोईणीचं. नवरा वारलेला, जाळं तेवढं मागं ठेवून गेलेला.

मग खताची पोती आली! अंकुशराव पाटील म्हणाले, "गाळ कोण उपसतोय? दोनाच्या जागी चार पोती टाका!" टाकली. पिकानं खाल्लं तेवढं खाल्लं, बाकीचं पावसानं तळ्यात नेलं. तळं हिरवंगार झालं! शेवाळाची साय धरली, खालच्या पाण्याचा श्वास कोंडला. एका सकाळी गिरजेची मासळी पांढरी पोटं वर करून तरंगत होती.

गिरजा पाटलाच्या ओट्याशी आली. "दादा, गाळ काढा वो! माझं दुसरं काय हाय?"

पाटील म्हणाले, "देवी कोपलीय! तू तिच्या पाण्यात जीव मारतेस म्हणून!"

गावानं काय करावं? देवीला शांत करायला तळ्यात दूध ओतलं, भाताचे नैवेद्य सोडले, निर्माल्य टाकलं! अरे, ते शेवाळाचं जेवण! ज्यानं तळं मरत होतं, तेच भक्तीनं वाढलं. तळं आणखी हिरवं. मग गिरजेचं जाळं जाळलं आणि तिला वेशीबाहेर काढलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "तळ्याला तरी दोष देऊ नका."

पुढच्या उन्हाळ्यात पाटलाच्या म्हशी ते पाणी प्यायल्या. तडफडून मेल्या! आता पाटील धावले गिरजेकडं, तालुक्याच्या गावी. ती लोकांची भांडी घासत होती. "चल बाई, चुकलो. पुन्हा जाळं टाक."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "कशावर टाकू, दादा?"

...झालं आख्यान. डोळे पुसताय? पुसा! आत्ता प्रसादाची पंगत उठेल. पातेली कुठं घासाल? या देवळामागच्या तळ्यावर, साबणाच्या पावडरीनं — तिच्यातही तेच स्फुरद! त्याचा रंग आज दुपारी बघून आलोय मी. गिरजेची पडकी झोपडीसुद्धा बघितली!

उद्या सकाळी पाटी घेऊन कोण येतंय? हात वर करा.

एकही नाही?

वर काय बघता, मंडळी? गाळातलं स्फुरद वरनं येत नाही.