इथं सेन्सरचं इंजिन बसवत न्हाईत

न्हाय म्हनलं ना एकदा, साहेब—परत परत काय इचारता? मिस्त्री न्हाईत. सोलापूरला गेलेत. कवा येतील? मला काय ठाव! आन् ते झाकन उघडू नका. मॅटाडोरचं इंजिन दोन शिटांच्या मधी असतं हे मला शिकवू नका, तीस वर्सं झाली ह्या गॅरेजात नांदायला—बसवा ते झाकन परत. कोनी पाठीवलं तुमाला? तामलवाडीच्या धनाजीनं? त्याचा पिकअप म्या—मिस्त्रींनी नीट करून दिला, म्हनून त्यानं दवंडी पिटायची का? अणदूरला जावा, लालमहंमद मिस्त्रीला गाठा, म्हनं. गाठलंत ना? गॅरेज गाठलंत. झालं. आता निघा.

काय दावताय? बघितलं म्या. गाडीतच पलंग हाय, शेगडी हाय, बेसिन हाय, खिडकीला पडदंबी हायेत. पुन्याला घर हाय की न्हाय तुमचं? हाय. मग घर सोडून घर घिऊन हिंडायचं, ही कुठली हौस? हिमालयात जायाचंय—जावा की! पर गाडी जुनी, चढाला दम लागतो, म्हनून हे नवं इंजिन पलंगावर निजवून आनलंय, प्लास्टिकात गुंडाळून, नव्या नवरीवानी. म्हातारीला दम लागतो म्हनून तिचं काळीज काढून पोरीचं बसवायचं व्हय? आन् बरेक? बरेक तेच म्हातारीचं. दांडगं इंजिन वढंल वर, उतारावर धरनार कोन—तुमचं ते बेसिन? हसू नका. हसन्यासारखं काय बोलले न्हाय मी.

माझ्या हाताकडं काय बघताय? भांडी घासली, काळं झालं. भांडी घासून ग्रीस लागत न्हाय व्हय? लई हुशार हायसा. बरं, लागलंय ग्रीस. नट आवळते मी. बाईमानसानं नट आवळू नये असं कुठं लिवलंय? मिस्त्री सांगत्यात, मी आवळते. का म्हंजे? त्यांचे हात दुखत्यात. न्हाय, डोळं... साखरेनं गेलं, दोन वर्सं झाली. गेलं म्हंजे गेलं, साहेब! उजेड-अंधार कळतो, तेवढंच. घ्या, झालं समाधान? ह्या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका. धनाजीला तर बिलकुल न्हाय. आमच्याकडं गिऱ्हाइकानं समोर उभं राह्याचं न्हाय, असा कायदाच हाय—हाटेलात च्या प्या म्हनायचं, शटर अर्धं वढायचं. लोकं म्हनत्यात मिस्त्री मिजासी. म्हनू द्या! आंधळा आन् त्याची बायको गाडी उघडत्यात हे कळलं, तर सायकलचा पंप मागायलाबी कोन येनार न्हाय इथं.

कसं म्हंजे? ऐकून. लांब डिसमिस असतो ना, स्क्रू खोलायचा—त्याचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला. मिस्त्री डोळं व्हते तवाबी तसंच करायचे. मी टोक सरकवीत जाते, इथं का, इथं का, आन् ते म्हनत्यात, थांब अजीजा, हितं वाल्व रडतोय. खोलून बघते तर खरंच तोच. एकदाबी चुकले न्हाईत. एकदाबी!—एकदा चुकले. चुकले न्हाईत, ते इंजिनच मेलं मुकं व्हतं. तुमच्या ह्या नवरीसारखंच, सेन्सरवालं. गेल्या साली आनलं एकानं. त्यो काय हाटेलात जाईना, उभाच राह्यला छातीवर. मिस्त्री अर्धा तास डिसमिस कानाला लावून वाकले व्हते. घाम गळत व्हता नाकावरून. मग हळूच म्हनले, अजीजा, हे काय बोलतच न्हाय गं. त्या मानसानं हसावं, साहेब? मोठ्यानं? लॅपटॉपवाल्याला बोलावलं त्यानं, त्यानं वायर जोडली, दोन मिनिटात सांगितलं, अमका सेन्सर गेलाय. मिस्त्री दोन दिवस जेवले न्हाईत. माझा कान गेला म्हनत व्हते. डोळं गेलं तवा असं बसले नव्हते ते, भिताडाकडं तोंड करून.

तवापास्नं नवी गाडी दारात थांबली की मीच परत लावते. त्यांना सांगते, पत्ता इचारत व्हते. झूट हाय, मालूम हाय मला. पर त्यांना वाटतंय अजून सगळ्या गाड्या बोलत्यात, फकस्त आपल्याकडं येत न्हाईत. वाटू द्या.

जुनंच इंजिन नीट करून मागितलं असतं तर शटर वढून आत्ता कामाला लागले असते मी. खरंच. पर तुमाला ते नको. आन् मिस्त्रींनी इचारलं तर तुमी गप बसनार न्हाईत, हौसेनं सांगाल. ते व्हय म्हनतील. लगेच म्हनतील! मानूस दिसत न्हाय तेवढाच, हिंमत हाय तशीच हाय. मग परत त्यो डिसमिस, परत ते वाकनं. मी न्हाय बघनार ते. तुमच्या हिमालयासाठी तर मुळीच न्हाय.

काय? सोलापूरला न्हाईत. मशिदीत गेलेत, दुपारच्या, जोहरच्या नमाजला. शेजारचा आरिफ मुलानी हाताला धरून आनतो त्यांना. सुटली असंल नमाज एवढ्यात—या अल्ला, ती बघा, पांढरी टोपी, मशिदीच्या गल्लीच्या तोंडाला. उठा. उठा म्हनते ना! चावीला हात लावू नका! मॅटाडोरचा आवाज ते कोसावरनं वळखत्यात, पळत येतील, ठेचकाळत. हातबरेक सोडा, गिअर काढा, इस्टेरिंग धरा आन् बाहेरनं ढकला. मी मागनं लावते जोर. ह्या अंगाला उतार हाय हमरस्त्यापतुर. बोलू नका. एक शब्द न्हाय. ढकला.