पाद्रीबाबांच्या दाढीवरचा साबणाचा फुगा

—नाही, आधी बसा. बसल्याशिवाय मी उत्तर देत नाही, आणि मुरंब्याचा चमचा तोंडात घातल्याशिवाय तुम्हीही काही विचारायचं नाही. आंबट चेरीचा आहे, माझ्या हातचा. वरून पाणी प्या. कॉफी ठेवलीय. पिशवी खाली ठेवा की, मांडीवर कशाला — बरं, राहू दे. पाद्रीबाबांनीच पाठवलंय ना? मला ठाऊक होतं कोणीतरी येणार. वाटलं होतं ते स्वतः येतील, तर तुम्हाला, बायकोला, पाठवलं. शहाणा माणूस. या स्तामेना म्हातारीपुढे आपलं काही चालत नाही हे बरोबर ओळखलं त्यांनी. आता शेजारच्या कोसारानं तुम्हाला काय सांगितलं ते सोडा, ती कुंपणावरून बघते आणि अर्धंच बघते. मी पहिल्यापासून सांगते.

एक होती स्तामेना, तिचा एक मुलगा रादोश, त्याची बायको स्मिल्याना आणि त्यांची एकुलती एक लेक दुन्या. स्तामेना म्हणजे मीच. मी इथं डोंगरात, माझी गाय, कोंबड्या आणि मधमाश्यांच्या पेट्या घेऊन. ती तिघं तिकडं व्हिएन्नात — तो लोकांच्या न्हाणीघरात फरशा बसवतो, ती हॉटेलात चादरी बदलते. आमचे हे गेले तेव्हापासून रादोश स्लावालासुद्धा आलेला नाही. घरच्या संताचा दिवस, सगळी आळी न बोलावता जेवायला येते, आणि घरचा मुलगाच नाही. सुट्टी मिळत नाही म्हणे. मी काही बोलले नाही. बोलले, पण फोन ठेवल्यावर.

तर या हिवाळ्यात दुन्याला न्युमोनिया झाला. इस्पितळातून घरी सोडलं, पण फुप्फुसाचा खालचा भाग बसला तो बसलाच — भट्टीचं दार मधेच उघडलं की पाव बसतो ना, तसा. डॉक्टर म्हणाले, पोरीनं रोज फुंकायला हवं, जोरात फुंकायला हवं. उन्हाळ्यापर्यंत उघडलं तर ठीक, नाही तर परत भरती करून छातीला चिरा द्यायचा. सहा वर्षांची पोर. आईबाप दोघं कामावर, मग हवापालटाला पाठवली माझ्याकडं, सोबत एक प्लास्टिकची डबी. नळीतून फुंकलं की आतला चेंडू वर उडतो अशी. दुन्यानं ती पहिल्याच दिवशी खुराड्यात टाकली. कोंबडी तिच्यावर बसलीय अजून.

कारण फुंकलं की दुखायचं तिला. म्हणून ती फुंकायचीच नाही — गरम दूध समोर निवेपर्यंत बसून राहायची, पण फुंकर म्हणून मारायची नाही. अंगणातून मला हाक मारायची तर 'आ—' म्हणून थांबायची, 'जी'ला श्वास उरायचा नाही. मग हाकच सोडली तिनं. चालत घरात यायची, माझा एप्रन ओढायची. मुकी पोर असल्यासारखी. मी एप्रन धुतला नाही कितीतरी दिवस, ते जाऊ दे.

मग मी म्हटलं, फुगे. आम्ही लहानपणी ओढ्यावर धुणं नेलं की करायचो साबणाचे फुगे, गव्हाच्या काडीतून. साबण काय, घरचाच — दरवर्षी डुक्कर कापलं की चरबी आणि क्षार कढईत उकळून करते मी, तुमच्या दुकानातल्या वासाच्या वड्या नकोत मला. किसला, विहिरीच्या पाण्यात घातला, फुंकलं — काही नाही. वर नुसती करडी साय. विहिरीचं पाणी जड आहे आमचं, भांड्यालासुद्धा पांढरा थर चढतो. मग वळचणीखाली पिंप ठेवलं, पावसाचं पाणी धरलं, त्यात किसलेला साबण, थोडा मध, आणि झाकून ठेवून दिलं सकाळपर्यंत — मुरायला हवं ते. सकाळी फुगा आला बघा, कोंबडीच्या डोक्याएवढा, आणि पेटीवर जाऊन बसला. मधमाश्यांनी काही केलं नाही.

दुन्याला आवडलं सगळं. पण करायला हं, फुंकायला नाही. साबण तीच किसायची. तार वाकवून कडं करायचं आणि त्याला लोकर गुंडाळायची — लोकर पाणी धरून ठेवते, नुसत्या तारेवरून निथळून जातं. एल्डरच्या झुडपाच्या काटकीतला मऊ गाभा सुईनं कोरून नळी करायची. कांद्याची हिरवी पात कापून त्यातून फुगा काढायचा, त्याला कांद्याचा वास येतो. दोन काठ्यांना लोकरीचा दोरा बांधून वाऱ्यावर धरलं की वासराएवढा निघतो, त्याला फुंकावंच लागत नाही — ते तिनं लगेच हेरलं, लबाड. ईस्टरच्या अंड्यांचा रंग उरला होता, तो वाटीत फेसात घालून वर कागद टेकवला की फुग्यांची गोल गोल नक्षी उमटते. ती बघा, तुमच्या मागं, भिंतभर. आता फेस करायला फुंकायचं कोणी? आजीनं. मी इतकं फुंकलं की माझी फुप्फुसं व्हिएन्नाच्या डॉक्टरला दाखवायला हरकत नाही. चक्कर येऊन एकदा बादलीवर बसले. आणि ती समोर उभी, ओठ मिटून, नुसतं बघत.

आता तुमच्या कामाचं सांगते. स्लावाच्या आधी पाद्रीबाबा घरोघर पाणी मंतरायला येतात, ते तुम्हाला मी काय सांगणार. भांडं घरच्यांनी भरून ठेवायचं, मेणबत्ती, शिंपडायला सब्ज्याची जुडी. मी ठेवलं होतं. निळ्या काठाचं पांढरं भांडं, वर धुतलेला रुमाल. आणि दुन्याचं पाणी मुरत ठेवलं होतं निळ्या काठाच्या पांढऱ्या भांड्यात, वर धुतलेला रुमाल. माझ्या लग्नातली जोडी आहे ती, दुसरी भांडी का घेऊ? बाबा आले सांगितल्या वेळेआधी, कारण आधीचं घर कोसाराचं आणि ती घरी नव्हती — एरवी घर सोडत नाही, पण त्या दिवशी नव्हती. मी गोठ्यातून येईपर्यंत त्यांनी एक भांडं पुढं ओढलं होतं, रुमाल काढला होता आणि प्रार्थना सुरू. पाणी जरा दुधट दिसत होतं, पण स्वयंपाकघरात उजेड किती तो, आणि आमच्या घरचं पाणी दुधट असतं हे सगळ्या गावाला माहीत. त्यांनी सब्जा बुडवला, भिंतीवर शिंपडलं — आणि जुडीतून फुगे सुटले. बारीक बारीक. एक संताच्या तसबिरीकडं गेला, एक मेणबत्तीवर गेला नि विझला, म्हणजे फुगा विझला, मेणबत्ती नाही.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. पण प्रार्थना मधे तोडता येत नाही, आणि मी अशी बाई नाही जी पाद्र्याला मधेच थांबवून म्हणेल की बाबा, हा साबण आहे. त्यांनाही कळलं असावं, कारण आवाज जरा वर चढला, पण शब्द एक चुकला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगते. आणि तेवढ्यात एक फुगा — चांगला अक्रोडाएवढा — येऊन बसला त्यांच्या दाढीवर. फुटेना. मधाचा गुण तो. एका हातात क्रूस, दुसऱ्या हातात सब्जा, पुसणार कशानं? दाढीवर इंद्रधनुष्य घेऊन उभे, 'प्रभू दया कर' म्हणतायत. मी जमिनीकडं बघत होते.

आणि दुन्या पुढं आली. चवड्यांवर उभी राहिली. गाल फुगवले — आणि फू. लांब, सरळ फुंकर, दाढीचे केस हलले. फुगा उडाला. मग ती खोकली, मग हसली, हसता हसता खोकली, आणि जे आत अडकलं होतं ते सगळं माझ्या एप्रनवर आलं. पाद्रीबाबा आमेन म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, मंतरलेलं पाणी मोरीत ओतता येतं का? नाही येत. गोठ्यात, बागेत, पेट्यांवर शिंपडायचं असतं, तशी रीतच आहे. मग ते काम मी दुन्याला दिलं. तिनं गाईवर फुगे सोडले, कोबीवर सोडले, कुंपणापलीकडं कोसारावर सोडले — तिला गरज होतीच. 'आता बस कर' म्हटलं तर म्हणते, 'आजी, भांड्यात पाणी आहे अजून, पाप लागेल.' दुखतं का विचारलं तर म्हणते, कामात लक्ष नाही गेलं. आणि पाव? स्लावाचा पाव मंतरलेल्या पाण्यातच मळायचा असतो. हो, मळला. त्यातलंच घातलं. एक चमचा फक्त, बाकी दूध. उद्या पाद्रीबाबा कापतील, पहिला तुकडा त्यांचा. छान फुगलाय — हे त्यांना सांगू नका. मी सांगणारच नव्हते तुम्हाला, कसं बोलून गेले कोण जाणे.

आणि एक आणखी बोलून टाकते, आता झालंच आहे तर. मार्च गेला तसा मला वाटायचं, थोडं हळूच बरी होऊ दे देवा. बरी झाली की नेणार ना तिला. असं कोणी म्हणतं का? मी म्हणायचे, गाईचं दूध काढताना, हळू आवाजात. ती फुंकर ऐकली तेव्हापासून नाही म्हटलं.

काल दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईनं पाठीला नळी लावली, इकडं ऐकलं, तिकडं ऐकलं, परत ऐकलं. म्हणाली, उघडलंय, वरपासून खालपर्यंत हवा जातेय, चिराबिरा काही नको. व्हिएन्नाला तीच फोन करून बोलली. मग रात्री रादोशचा आला — सारखा नाक ओढत होता, तिकडं सर्दी असेल. म्हणाला, आई, आम्ही निघतोय, दोघंही, स्लावाला. आणि तिला तिथली हवा मानवलीय तर शाळा उघडेपर्यंत राहू दे तुझ्याकडं. मी म्हटलं, बघते, जागा आहे का.

तर आता बोला. बाबा रागावलेत? परत पाणी मंतरायचं म्हणतात? त्या पिशवीत काय आहे, क्रूस? — बरणी? रिकामी बरणी? — अगं पोरी. तुझी मुलं मागं लागलीत म्हणून आलीस? बाबांनी घरी जाऊन दाढीवरचं सांगितलं आणि फुगे कसे करतात ते विचारायला? मग हे आल्या आल्या सांगायला काय झालं होतं, मी इथं पावाचं सुद्धा —

दे ती बरणी. पिंपातलं पाणी घे, विहिरीचं नको. साबण बारीक किस, मध बोटभर, आणि मुरू दे, घाई—

थांब. गप्प. ऐकलंस?

फाटकाजवळून. 'आजी, पप्पा आला, आईपण आली, गाडी लाल आहे.' एका दमात. मधे थांबली नाही.

ऊठ बाई, ऊठ, कॉफी उद्या पी. मला एप्रन बदलायचाय.